पुन्हा मोज

माझ्या कपाटात १९८७ सालची एक प्रयोगवही आहे. खाकी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, मधल्या काही पानांवर सिल्व्हर पेस्टचे चकाकणारे डाग पडलेली. तिच्या ११२ क्रमांकाच्या पानावर एका आकड्याभोवती मी पेनाने दोनदा गोल काढलेला आहे. आकडा आहे शून्य. शेजारी तापमान लिहिलंय, १४० केल्विन, आणि वेळ, पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटं. त्याखाली लाल शाईत दोनच शब्द आहेत: ‘पुन्हा मोज.’ ते अक्षर माझ्या सरांचं.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी पस्तीसहून जास्त वर्षं काढली. आधी विद्यार्थिनी, मग संशोधक, मग शिक्षिका. या वर्षांत माझ्या हातून जे काही बरं काम झालं, त्याची सुरुवात त्या पानावर झाली असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्या पानाची गोष्ट सांगायची आहे.

१९८७ चे ते महिने ज्यांनी प्रयोगशाळेत काढले, त्यांना ते जन्मभर विसरता येणार नाहीत. अतिसंवाहक म्हणजे असा पदार्थ, की ठरावीक तापमानाच्या खाली नेला की त्याचा विद्युतरोध पूर्ण नाहीसा होतो. पण ते ‘ठरावीक तापमान’ इतकं खाली असायचं की तिथे पोचायला द्रवरूप हेलियम लागायचा. बारा-तेरा वर्षं सगळ्यांत वरचा आकडा २३ केल्विनवर अडकून पडला होता. हेलियम महाग, तो द्रवरूप करणारी यंत्रं मोजक्याच ठिकाणी. आमच्यासारख्या विद्यापीठांनी या विषयाकडे लांबूनच बघायचं, असं ठरून गेल्यासारखं होतं.

१९८६ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची चिन्हं दिसत असल्याचं छापलं. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन आणि अलाबामा इथल्या गटांचा निबंध आला: यट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं ऑक्साइड, ९३ केल्विन. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे आता हेलियमची गरजच उरली नाही. नायट्रोजन पुरेसा होता, आणि भट्टी तर प्रत्येक विभागात असतेच. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लोक रात्रंदिवस कामाला लागल्याचं आमच्या कानावर यायचं. आमच्याकडे त्या निबंधाची झेरॉक्स आली ती झेरॉक्सचीही झेरॉक्स होती. आलेखावरचे बिंदू डागांपासून वेगळे ओळखायला भिंग घ्यावं लागलं. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘हे आपल्याला जमण्यासारखं आहे.’’ मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते.

जमण्यासारखं होतं, पण सोपं नव्हतं. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशी तीन भुकट्यांची वजनं करायची, एकास दोनास तीन या प्रमाणात यट्रियम, बेरियम आणि तांबं यावं अशा बेताने. मग अकीकाच्या खलात ॲसिटोन टाकून घोटत बसायचं. किती वेळ? सर म्हणायचे, मनगट दुखायला लागल्यानंतर अजून एक तास. बेरियम कार्बोनेट विषारी, म्हणून तोंडाला रुमाल बांधून. पांढऱ्या आणि काळ्या भुकटीची एकसारखी राखाडी झाली की ती अल्युमिनाच्या बोटीत भरून भट्टीत, सुमारे ९३० अंश सेल्सियसला, रात्रभर. सकाळी बाहेर काढायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भट्टीत. असं तीनदा. मग हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून रुपयाच्या नाण्याहून लहान अशी गोळी करायची आणि ती ऑक्सिजनच्या प्रवाहात भाजायची.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. या पदार्थात ऑक्सिजन शिरतो तो तापवताना नव्हे, हळूहळू थंड होताना. चारशे-साडेचारशे अंशांच्या पट्ट्यात गोळीला तासन्‌तास राहू द्यावं लागतं. घाई करून भट्टी लवकर उघडली, तर बाहेर येते ती गोळीही काळीच असते, तशीच दिसते, हातात तशीच लागते. पण आतला ऑक्सिजन कमी पडलेला असतो आणि ती कधीच अतिसंवाहक होत नाही. प्रमाण चुकलं तर मात्र लगेच कळतं, गोळीच्या तळाला हिरवे ठिपके उमटतात. माझ्या पहिल्या चार गोळ्या हिरव्या ठिपक्यांच्या होत्या. पाचवी छान काळी आली, पण त्या रात्री वीज गेली आणि भट्टी तीन तासांत थंड पडली. सहावी नीट भाजली गेली.

आता नायट्रोजन. विभागाकडे नायट्रोजनचं यंत्र नव्हतं, पण जिल्ह्यात द्रवरूप नायट्रोजन भरपूर होता. तो दूध संघाच्या कृत्रिम रेतन केंद्रांवर जायचा, वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला. नाशिकला बनणारे अल्युमिनियमचे क्रायोकॅन घेऊन संघाचे कर्मचारी मोटारसायकलवरून गावोगाव फिरत. सरांनी संघाच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं आणि दर बुधवारी आम्हाला दहा लिटर मिळू लागला. मी आणि आमचे वर्कशॉपमधले मामा रिक्षाने तो आणायला जायचो. रांगेत पुढे-मागे गाई-म्हशी घेऊन आलेले शेतकरी असायचे. तिथला पोरगा लाकडी पट्टी कॅनमध्ये बुडवून वर काढायचा. पट्टीवर पांढरं हिम जिथपर्यंत चढलं, तिथपर्यंत नायट्रोजन. मोजमापाचा इतका साधा आणि इतका विश्वासू प्रकार मी नंतर मोठमोठ्या प्रयोगशाळांतही क्वचितच पाहिला.

एकदा रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘पोरी, तुमच्या कालेजात म्हशी हायेत व्हय?’’ मी त्यांना सांगितलं, आम्ही एक दगड बनवतोय, तो या थंडीत घातला की वीज त्यातून काही न गमावता वाहते. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘‘मग आमच्या मोटरीची वीज वाटंत जाणार न्हाई.’’ अतिसंवाहकतेचा उपयोग कुणी इतक्या कमी शब्दांत मला सांगितला नव्हता. त्यांच्या विहिरीपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही, याची खंत मला आहे.

सहाव्या गोळीवर आम्ही पहिल्यांदा लोहचुंबक तरंगताना पाहिला. थर्मोकोलच्या वाटीत गोळी ठेवली, वरून नायट्रोजन ओतला. तो उकळत, फुसफुसत राहिला आणि मग शांत झाला. मामांनी चिमट्याने चुंबकाचा इवलासा तुकडा गोळीवर सोडला. तो खाली पडला नाही. गोळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर अधांतरी थांबला आणि बोटाने हलका धक्का दिला की स्वतःभोवती फिरत राहिला. अर्ध्या तासात अख्खा विभाग त्या टेबलाभोवती जमला. काचकाम करणारे अण्णा, झाडलोट करणाऱ्या मावशी, शिपाई, शेजारच्या रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक. मावशींनी हात जोडले. कुणी त्यांना तसं नको म्हणालं नाही.

पण चुंबक तरंगणं म्हणजे मापन नव्हे. रोध शून्य होतो हे आकड्यांत दाखवावं लागतं, आणि ते काम रात्री करणं बरं पडे. दिवसा वर्कशॉपमधली लेथ सुरू असली की मीटरचे आकडे थरथरत. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री नऊला बंद व्हायचं. प्रत्येक रात्रीसाठी वेगळा अर्ज, त्यावर सरांची सही, आणि सोबतीला दुसरी मुलगी हवीच. एमएस्सीची एक मैत्रीण माझ्यासाठी किती रात्री विभागाच्या वाचनालयात गोधडी टाकून झोपली, याची मोजदाद नाही. मुलांना असले अर्ज लागत नसत. माझ्या प्रबंधातल्या प्रत्येक आलेखामागे असा एक अर्ज आहे, आणि तिची अर्धवट झोप आहे.

मापनाची पद्धत फोर-प्रोबची. गोळीच्या तुकड्यावर ओळीने चार बारीक तारा सिल्व्हर पेस्टने चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, दहा मिलिॲम्पिअर. आतल्या दोन तारांत किती व्होल्टेज पडतं ते नॅनोव्होल्टमीटरवर वाचायचं. नमुना बसवलेला धारक ड्यूअरमध्ये थोडा थोडा खाली उतरवायचा, नायट्रोजनच्या वाफेत. तो ड्यूअर अण्णांनी स्वतः काचेतून फुंकलेला, दुहेरी भिंतीचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला. द्रवाची पातळी दिसावी म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना बोटभर रुंद उभी पट्टी मुलाम्याविना ठेवली होती. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं दुसरं टोक बर्फाच्या पाण्यात असायचं. बर्फ समोरच्या रसवंतीतून आणायचा. एक-एक केल्विनला थांबायचं, आकडा स्थिरावू द्यायचा, लिहायचं.

त्या रात्री मी नवं प्रमाण वापरून केलेला नमुना लावला होता. थोडं बेरियम काढून त्या जागी स्ट्रॉन्शियम घातलेलं. जगभर तेव्हा असंच चाललं होतं. प्रत्येक प्रयोगशाळा काहीतरी बदलून बघत होती आणि दर आठवड्याला कुठून तरी अफवा यायची, दीडशे केल्विन, दोनशे केल्विन. अशा न टिकणाऱ्या दाव्यांना लोकांनी उडत्या तबकड्यांच्या चालीवर नावही ठेवलं होतं. पण अफवा ऐकणाऱ्याच्या मनात आशा असतेच, आणि माझ्या मनात ती फार होती. १६० केल्विन, १५०, १४५. आकडे नियमाने उतरत होते. १४० ला व्होल्टेज एकदम शून्य झालं.

मी मीटरची रेंज बदलली. शून्य. अजून खालची रेंज. शून्य. मी तीन मिनिटं श्वास रोखून बसले होते. मग वहीत आकडा लिहिला, गोल काढला, पुन्हा गोल काढला. मैत्रिणीला उठवलं. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहून रडलो. ७७ पर्यंत शून्य कायम राहिलं. १४० केल्विन म्हणजे जगातल्या सगळ्यांच्या पुढे, आणि ते आमच्या विभागात, रसवंतीच्या बर्फावर.

पहाटे साडेपाचला मी सरांच्या क्वार्टरचं दार वाजवलं. काकूंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून काही न विचारता चहा ठेवला. सर वही घेऊन अंगणात खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी पान वाचलं. चेहऱ्यावर आनंद आला नाही, रागही आला नाही. त्यांनी चार प्रश्न विचारले.

‘‘प्रवाह उलटा करून पाहिलास?’’

‘‘नाही सर.’’

‘‘शून्य आल्यावर प्रवाह अजून वाहतोय का, तो मीटर पाहिलास?’’

‘‘हो. वाहत होता.’’

‘‘परत तापवताना रोध त्याच तापमानाला परत आला का?’’

मी तापवलंच नव्हतं. धारक तसाच ड्यूअरमध्ये सोडून धावत आले होते.

‘‘तारा काढून पुन्हा चिकटवून पाहिल्यास?’’

मी उत्तर दिलं नाही. सरांनी खिशातून लाल पेन काढलं, पानाखाली दोन शब्द लिहिले आणि वही परत दिली. ‘‘चहा घे,’’ म्हणाले, ‘‘आणि मग जा. मीही येतो.’’

तापवताना व्होल्टेज परत आलं ते १४० ला नव्हे, २१० ला. एखाद्या पदार्थाने असं वागू नये. मामांनी धारक बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात नेला आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून तारांवरून नजर फिरवत गेले. मग मला जवळ बोलावलं. ‘‘ताई, इथं बघा.’’ आतल्या दोन तारा जिथे एकमेकींजवळून जात होत्या, तिथे दोन्हींवरचं इनॅमल खरवडलं गेलं होतं. केसाच्या जाडीएवढं. तारा धरून ठेवणारी चिकटपट्टी थंडीत आकसली की त्या दोन तारा एकमेकींना टेकायच्या. व्होल्टेज मोजणाऱ्या तारांनीच एकमेकींना धरलं, तर मीटर शून्यच दाखवणार. तारा ओढून घेताना ते इनॅमल मीच खरवडलं होतं.

मी ते पान फाडायला घेतलं. सरांनी हात धरला. त्यांना मी आवाज चढवताना पाहिलं ते त्या एकदाच. ‘‘वहीतलं पान फाडायचं नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल. आकडा खोटा नाही. मीटरने शून्यच दाखवलं. तू त्याला नाव चुकीचं दिलंस.’’

मी ते वाक्य तेव्हा अर्धंच समजले. पुढे कितीतरी वर्षांनी पुरतं उमगलं. मीटर खोटं बोलत नाही. तो त्याच्यापर्यंत जे पोचतं तेवढंच सांगतो. आपली इच्छा त्या आकड्याला जाऊन चिकटते आणि त्याला भलतंच नाव देते. संशोधकाचं निम्मं काम पदार्थ मोजण्याचं असेल, तर निम्मं स्वतःच्या इच्छेपासून ते मोजमाप वाचवण्याचं आहे. आणि हे काम एकट्याने होत नाही. त्यासाठी चार प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो, भिंग घेऊन उजेडात जाणारा कुणीतरी लागतो.

मामांनी त्यानंतर हायलमच्या जाड तुकड्यातून नवा धारक करून दिला. चार तारांसाठी चार वेगळ्या खाचा, मधे भिंती, आणि तारा दाबून धरायला फॉस्फर ब्राँझच्या स्प्रिंगा. त्या धारकावर तोच नमुना मी सहा वेळा मोजला. तो ८४ केल्विनला शून्य होत होता. साध्या नमुन्यापेक्षाही कमी. मी तोच आकडा छापला.

नंतर मला लायडनची गोष्ट सविस्तर वाचायला मिळाली. अतिसंवाहकता पहिल्यांदा दिसली ती हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत, म्हणजे आमच्यासारख्याच एका विभागात. कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ च्या जुलैत हेलियम द्रवरूप केला आणि ८ एप्रिल १९११ ला त्यांच्या वहीत पाऱ्याचा रोध जवळपास शून्य झाल्याची नोंद पडली. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी पुन्हा पुन्हा मोजलं. पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या आसपास एकदम कोसळताना दाखवणारा तो प्रसिद्ध आलेख २६ ऑक्टोबरच्या मोजमापाचा आहे. आणि तिथेही एक मामा होते, एक अण्णा होते. खेरिट यान फ्लिम यांनी थंड ठेवण्याचं सगळं यंत्र उभारलं होतं, ऑस्कर केसेलरिंग काचकामाचे प्रमुख होते. ओन्नेस यांनी त्याच विभागात उपकरणं बनवणाऱ्यांची शाळा चालवली. निळे कोट घालून काम करणाऱ्या तिथल्या मुलांना लोक ‘ब्लू बॉईज’ म्हणायचे. शतकभरापूर्वीचा तो विभाग मला आमच्या वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे असल्यासारखा वाटतो.

माझा प्रबंध झाला तेव्हा आभाराच्या पानावर मी मामांचं आणि अण्णांचं पूर्ण नाव घातलं. मामांनी ते पान झेरॉक्स करून घरी देवघराशेजारी लावलं. त्यांच्या मुलाने मला ते पुष्कळ वर्षांनी दाखवलं.

पुढे मला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘रिसर्च सायंटिस्ट’ योजनेत जागा मिळाली. अ, ब, क असे तिचे तीन दर्जे होते, अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक यांच्या बरोबरीचे. विद्यापीठात राहून मुख्यतः संशोधन करायचं, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर होती, पण रोजचं जगणं अवघड होतं. शिक्षकांच्या यादीत आमचं नाव नसे, कर्मचाऱ्यांच्या यादीतही नसे. क्वार्टर देताना, रजा मोजताना, अगदी प्रयोगशाळेची किल्ली देतानाही कुणीतरी विचारायचं, ‘‘तुम्ही नक्की कोण?’’ एका वर्षी पगाराचा आदेश एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी घरचा किराणा उधारीवर आणला आणि विभागात रोज नऊला हजर राहिले. माझ्याबरोबरचे तिघे त्या काळात संशोधन सोडून गेले. तिघेही माझ्याहून हुशार होते. त्यांची वजाबाकी कोणत्या अहवालात नोंदवलेली मला दिसली नाही.

चांगलंही घडलं. १९९० च्या सुमाराला इंदूरला विद्यापीठांसाठी सामायिक केंद्र उभं राहिलं, आज ते यूजीसी-डीएई कन्सोर्शियम म्हणून ओळखलं जातं. तिथे हेलियम मिळतो, आणि कुठल्याही विद्यापीठाच्या मुलाला प्रस्ताव पाठवून आपला नमुना मोजता येतो. रात्रीच्या बसने इंदूरला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत नमुन्यांच्या डब्या असायच्या, आणि प्रत्येकाला माझी एकच सूचना असायची: मोजून झालं की काढा, पुन्हा लावा, पुन्हा मोजा. मिळालेला यंत्रवेळ त्यात निम्मा जातो, हे मला ठाऊक होतं. तरीही.

२०२३ चा जुलै संपता संपता माझी एक पीएचडीची विद्यार्थिनी फोन हातात घेऊन केबिनमध्ये आली. दक्षिण कोरियातल्या संशोधकांचा दावा होता: शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन असलेला एक पदार्थ, एलके-९९, साध्या हवेत, साध्या दाबाला, खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक. व्हिडिओत एक करडा तुकडा चुंबकावर एका बाजूने उचलला जात होता. तिचे डोळे मी ओळखले. ‘‘मॅडम, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.’’

माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. मी हो म्हटलं.

पदार्थ भाजायला निर्वात केलेली, तोंड वितळवून बंद केलेली क्वार्ट्‌झची नळी लागते. अण्णा असते तर दुपारच्या जेवणाआधी काम झालं असतं. पण अण्णा निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलीच गेली नाही. वर्कशॉपमध्येही मामांच्या जागी कुणी नाही; लेथवर कापड टाकून ठेवलंय. महागडी यंत्रं विकत घ्यायला पैसे मिळतात, त्या यंत्राला लागणारी हातभर नळी वितळवून बंद करणारा माणूस मात्र मिळत नाही. विभाग भिंतींनी, यंत्रांनी उभा राहतो हा समज फार खोलवर गेलेला आहे, आणि त्याचं मला दुःख होतं. ती मुलगी सात-आठ नळ्यांसाठी दुसऱ्या शहरात जाऊन दोन दिवस राहून आली.

नमुना तयार झाला. रोध मोजायला तिने तोच हायलमचा धारक काढला. तापवण्यासाठी त्याला सिरॅमिकची पट्टी जोडली. १३० अंश सेल्सियसपर्यंत नेऊन थंड करताना ११० च्या खाली रोध एकदम कोसळला. रात्री साडेअकराला तिचा फोन आला. आवाज कापत होता. ‘‘मॅडम, पडला. एकदम पडला.’’

मी रिक्षा करून विभागात गेले. ती एकटीच होती. आता मुलींना अर्ज लागत नाही, एवढं तरी झालं. मी काही विचारायच्या आत ती स्वतःच थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘पण शून्य नाही मॅडम. खूप कमी आहे, पण शून्य नाही.’’

पुढचे दहा दिवस तिने त्या उरलेल्या रोधाचा पिच्छा पुरवला. क्ष-किरण विवर्तनात (एक्सआरडी) तिला मुख्य पदार्थाच्या रेघांशेजारी आणखी काही रेघा दिसल्या. त्या कॉपर सल्फाइडच्या होत्या. कॉपर सल्फाइडची रचना नेमकी शंभरीच्या थोडं वर बदलते आणि थंड होताना त्याचा रोध एकदम उतरतो. भेसळीने तो सगळा खेळ केला होता. त्याच ऑगस्टमध्ये जगभरातल्या गटांनी हेच दाखवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या नमुन्यांतही अतिसंवाहकता दिसली नाही. तिचं उत्तर इतरांनंतर आलं, पण ते तिने स्वतःच्या हाताने शोधलं होतं.

ती खिन्न झाली होती. प्रबंधात या महिन्याचा उल्लेख करायचा की गाळायचा, असं तिने विचारलं. मी कपाटातून ती खाकी वही काढली आणि ११२ वं पान तिच्यासमोर ठेवलं. तिने गोल पाहिला, एक रेघ मारलेलं शून्य पाहिलं, लाल अक्षर पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने तिची वही उघडून माझ्याकडे सरकवली. त्या रात्रीचं पान होतं. रोध कोसळला तिथे बाण काढलेला. शेजारी बारीक अक्षरात, वेळेसकट, तिने लिहिलं होतं: प्रवाह उलटा केला, आकडा तोच. तापवून पाहिलं, थोड्या वरच्या तापमानाला परत येतो. तारा काढून पुन्हा लावल्या. पुन्हा मोजलं, तीनदा. त्यानंतरच मला फोन केल्याची वेळ होती.

मी लाल पेन हातात घेतलं होतं. त्या पानावर मला लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. पेनाला टोपण लावलं आणि वही तिला परत दिली.